बोक्याला मधुमेह: ग्लार्जिन १ युनिट लिहून दिलंय, सिरिंज लाल टोपीच्या मिळाल्या. चालतील का?

बंड्याचीताई

नमस्कार मंडळी. बोका बंड्या, खसी केलेला, वय ११, वजन ६.४ किलो, गेल्या दिवाळीत ७.३ होतं. महिनाभर पाणी फार पितोय, लिटरमध्ये (शी-शूच्या वाळूत) लघवीचे मुठीएवढे गोळे निघतात आणि भांडं चाटूनपुसून परत मागतो. आठवड्यापासून मागचे पाय टाचेपर्यंत फरशीला टेकवून चालतो.

तपासण्या: उपाशीपोटी साखर ४१२, फ्रक्टोसामीन (साखरेची मागची सरासरी) ५४०, लघवीत साखर +++, कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा बनणारं आम्ल) नाहीत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची तपासणी) १.५. लघवी कल्चरला, म्हणजे जंतू बघायला दिली आहे. डॉक्टरांनी इन्सुलीन ग्लार्जिन १ युनिट दर १२ तासांनी सांगितलंय, कोरडं खाणं हळूहळू बंद करून पाउच (ओलं खाणं) द्या म्हणाले. दोन आठवड्यांनी बोलावलंय.

प्रश्न:
१. ग्लार्जिनच्या कुपीवर १०० युनिट प्रति मिली लिहिलंय. केमिस्टने सोबत लाल टोपीच्या सिरिंज दिल्या, त्यांवर ४० छापलंय. उद्या सकाळी पहिलं इंजेक्शन आहे.
२. सासऱ्यांचा ग्लुकोमीटर घरात आहे. तो मांजराला चालतो का?
३. आत्तापर्यंत कोरडं खाणं दिवसभर वाटीत असायचं. शिवाय सासूबाई दूध-पोळी देतात. पाउच किती द्यायचे?
४. सासऱ्यांच्या साखरेच्या गोळ्यांपैकी एखादी चालत असेल तर सुई टळेल का?

कुपी-काउंटर

ताई, आधी पहिला प्रश्न, कारण उद्या सकाळच्या आत तो सुटायला हवा. त्या लाल टोपीच्या सिरिंजने हे इन्सुलीन देऊ नका.

आपल्याकडे माणसांचं साधं इन्सुलीन कुपीत ४० युनिट प्रति मिली येतं, म्हणून केमिस्टच्या हाताला सवयीने लाल टोपीची सिरिंज लागते. ग्लार्जिन १०० चं आहे, त्याला नारिंगी टोपीची, १०० लिहिलेली सिरिंज लागते. लाल सिरिंजवरची एक रेघ म्हणजे एका मिलीचा चाळिसावा भाग. तेवढ्या जागेत १०० वालं इन्सुलीन भरलं की आत २.५ युनिट जातात. १ युनिटच्या जागी अडीच, दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवसापर्यंत बोका आडवा होऊ शकतो. उलटं झालं, म्हणजे ४० चं इन्सुलीन नारिंगी सिरिंजमधून गेलं, तर फक्त ०.४ पट जातं. मग महिनाभर साखर उतरत नाही आणि सगळे इन्सुलीनला नावं ठेवतात. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा, बाकी रंगबिंग विसरलात तरी चालेल. (कुत्र्या-मांजरांचं म्हणून मिळणारं कॅनइन्सुलिन ४० चं असतं. कुणाला ते लिहून दिलं असेल तर त्याला ४० ची सिरिंजच बरोबर.)

दुसरी मेख: नारिंगी टोपीतही तीन आकार येतात. १ मिलीच्या सिरिंजवर बहुधा प्रत्येक रेघ २ युनिटची असते, तिच्यावर १ युनिट नीट मोजता येत नाही. ०.५ मिलीवर रेघ १ युनिटची. तुम्हाला हवी ती ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघांची, बारीक सुईची (३० किंवा ३१ गेज; आकडा मोठा तशी सुई बारीक). दुकानात "शंभरची, पॉइंट थ्री एमएल, हाफ युनिट मार्किंग" असं स्पष्ट सांगा. कोपऱ्यावरच्या दुकानात नसेल तर मागवायला लावा, ऑनलाइनही मिळतात. तोपर्यंत ०.५ मिलीची १०० वाली चालवून घ्या. तीही मिळेना तर डॉक्टरांना फोन करा. सुरुवात एक दिवसाने पुढे गेली तर चालेल का, ते तेच सांगतील. कीटोन नसलेल्या, जेवणाऱ्या बोक्याला एका दिवसाने सहसा बिघडत नाही, अडीचपट डोसने बिघडतं.

१०० च्या इन्सुलीनचं १ युनिट म्हणजे ०.०१ मिली, डोळ्यांत टाकतो त्या थेंबाचा साधारण पाचवा हिस्सा. एवढ्याशा मापात एक बुडबुडा म्हणजे अर्धा डोस. म्हणून ४-५ युनिट ओढायचं, सिरिंज उभी धरून टिचकी मारून बुडबुडा वर आणायचा आणि जादाचं बाहेर सारून १ वर यायचं. रबराची सुईकडची कड रेघेवर हवी, मागची नाही.

ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. ते हलवायचं नाही, पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्सुलीनमध्ये मिसळायचं नाही. गढूळ झालं किंवा कण दिसले की फेकायचं. २ ते ८ अंशांत ठेवा, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या बर्फाळ भिंतीला न टेकता. दाराच्या कप्प्यात दिवसातून चाळीसदा गरम-गार होतं. एकदा गोठलं की बाद, परत पातळ झालं तरी बाद. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा. लेबलवर उघडल्यानंतर २८ दिवस दिलेले असतात. सतत फ्रीजमध्ये असेल तर बरेच पशुवैद्य त्याहून जास्त दिवस वापरू देतात, पण ते तुमच्या डॉक्टरांना विचारून.

पुढच्या वेळी मोठ्या कुपीऐवजी ३ मिलीचं काट्रिज मागा. त्यात ३०० युनिट असतात आणि तुम्हाला रोज दोन लागतात. त्याच्या रबरी बुचातून सिरिंजने ओढता येतं. फक्त आत हवा भरायची नाही आणि एकदा सिरिंजने ओढलेलं काट्रिज परत इन्सुलीनच्या पेनात घालायचं नाही. काट्रिज घेताना "१००" वाचा. ग्लार्जिन ३०० चंही येतं, ते सिरिंजने कधीच ओढायचं नाही.

डावा पंजा

वरचं सगळं बरोबर. सुई कुठे टोचायची ते सांगतो, कारण बहुतेक जण मानेचं कातडं धरतात. मानेच्या सैल कातड्यात रक्तपुरवठा कमी, रोज तिथेच टोचलं की जागा घट्ट होते आणि इन्सुलीन कमी-जास्त शोषलं जातं. बरगड्यांच्या बाजूला किंवा कुशीत टोचा. सकाळी डावी बाजू, संध्याकाळी उजवी, दर वेळी दोन बोटं पुढे-मागे. तीन बोटांनी कातड्याचा तंबू करायचा, सुईचं तिरकं तोंड वर, तंबूच्या पायथ्याशी कातड्याला समांतर आत घालून दाबायचं. स्पिरिटचा बोळा नको. केस ओले होतात, वास येतो आणि बोका पुढच्या वेळी बोळा बघूनच पळतो.

तंबू पातळ झाला तर सुई दुसऱ्या बाजूने बाहेर येते आणि डोस केसांत जातो. बोट फिरवून बघा: ओलं लागलं आणि दवाखान्यासारखा उग्र वास आला तर डोस सांडला. परत द्यायचं नाही. किती आत गेलं ते कळत नसतं. वहीत "सांडलं" लिहायचं आणि पुढचा डोस पुढच्या वेळी. एक डोस हुकल्याने साखर चढेल, दुप्पट गेल्याने जीव जाईल.

वेळ म्हणाल तर ८ आणि ८, तासभर इकडेतिकडे चालतं. आधी मोजायचं, मग जेवण पुढे ठेवायचं, तो खाऊ लागला की टोचायचं. वाटीत तोंड असताना बऱ्याच बोक्यांना पत्ता लागत नाही.

जेवलाच नाही तर? पूर्ण डोस द्यायचा नाही. अर्धवट खाल्लं आणि बाकी टुणटुणीत असेल तर अर्धा डोस द्यावा असं बरेच डॉक्टर सांगतात. तुमच्या डॉक्टरांचा नियम आजच विचारून फ्रीजवर चिकटवा, रात्री सव्वाआठला फोन लागेलच असं नाही. उलट्या आणि न खाणं एकत्र आलं तर घरी अंदाज बांधत बसू नका.

सातारी कंदील

मीटरचं माझ्याकडे.

माणसांचा मीटर चालतो, पण तो मांजरात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. मांजराच्या रक्तातलं सुमारे ९३ टक्के ग्लुकोज प्लाझ्मात असतं, तांबड्या पेशींत जेमतेम ७. माणसात हीच वाटणी साधारण ५८ आणि ४२. मीटर माणसाचं प्रमाण धरून हिशेब करतो, म्हणून चुकतो. मांजरासाठी बेतलेला अल्फाट्रॅक नावाचा मीटर असतो, त्याच्या पट्ट्या महाग पडतात. माझं मत: एकच मीटर धरा, त्याच्याच पट्ट्या वापरा आणि डॉक्टरांना प्रत्येक वेळी "माणसांच्या मीटरवर" असं सांगा. आज हा, उद्या तो असं केलंत की चढ-उतार साखरेचा की मीटरचा ते कळणार नाही. सासऱ्यांचा घेऊ नका, स्वतंत्र घ्या. ०.३ ते ०.६ मायक्रोलिटर रक्तात भागणारा असावा, नाहीतर पट्टी "एरर" देत राहते आणि पट्ट्यांचा डबा तीन दिवसांत संपतो.

रक्त कानाच्या कडेतून. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते, मागून टॉर्च धरला की दिसते. शिरेत टोचायचं नाही. शीर आणि कड यांच्या मधल्या पट्टीत टोचायचं. मोज्यात मूठभर कच्चे तांदूळ भरून गाठ मारा, मायक्रोवेव्हमध्ये थोडं गरम करा, आपल्या मनगटाला सोसेल इतकंच, आणि अर्धा-एक मिनिट कानाला लावा. गार कानातून रक्त येत नाही, पहिल्या आठवड्यातल्या दहापैकी आठ तक्रारी याच्याच असतात. कानाखाली दुमडलेला टिश्यू धरा. कडेला व्हॅसलीनचं नावापुरतं बोट फिरवा, म्हणजे रक्त केसांत न पसरता गोल थेंब बनून उभं राहतं. सुरुवातीला लॅन्सेट (कान टोचायची सुई) जाड घ्या, २६ किंवा २८ गेज. दोन आठवड्यांत कानात बारीक शिरा वाढतात, मग बारीक चालतं. थेंब आला की पट्टीचं टोक थेंबाला लावायचं, पट्टी आपोआप ओढून घेते. नंतर टिश्यूने दहा सेकंद दाबून धरा, नाहीतर कान काळानिळा होतो. आणि लगेच खाऊ: उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, दर वेळी, रक्त आलं नाही तरीही.

कधी मोजायचं: प्रत्येक इंजेक्शनच्या आधी, सुटी नाही. पहिले काही दिवस इंजेक्शननंतर साधारण ६ तासांनीही एकदा, कारण ग्लार्जिनचा तळ, म्हणजे साखरेचा सगळ्यात कमी आकडा, बहुधा ४ ते ८ तासांच्या मधे कुठेतरी येतो. सुरुवातीच्या दिवसांत इंजेक्शनआधीचा आकडा २०० च्या खाली आला तर टोचू नका. खायला न देता अर्ध्या तासाने परत मोजा आणि डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांच्या टेबलावर भीतीनेही मांजराची साखर चढते, ३०० पर्यंत सहज. म्हणून एका आकड्यावर निदान करत नाहीत. तुमच्याकडे फ्रक्टोसामीन ५४० आहे, ते मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगतं, शिवाय लघवीत साखर आहे. निदान पक्कं आहे, त्यात शंका घेत बसू नका.

गच्चीवरचा बोका

गोळ्यांचं थोडक्यात: नाही. मेटफॉर्मिन मांजरात उपयोगी ठरलेलं नाही. ग्लिपिझाइड काही मांजरांत चालतं, बहुतेकांत नाही. सासऱ्यांच्या पाकिटात डापाग्लिफ्लोझिन असेल तर त्याला हात लावू नका. त्याच जातीतली दोन औषधं मांजरांसाठी आली आहेत, बेक्साग्लिफ्लोझिन (अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर) आणि वेलाग्लिफ्लोझिन (तिथेच ऑगस्ट २०२३). ती बाकी धडधाकट, आधी इन्सुलीन न घेतलेल्या मांजरांसाठीच. त्यांचा धोका वेगळा आहे: रक्तातली साखर नॉर्मल दिसते आणि आत कीटोन साचतात. मीटर "१४०" दाखवतो, घरचे खूश, आणि मांजर अत्यवस्थ. माणसांची गोळी चार तुकडे करून द्यायचं हे औषध नव्हे.

आता खाणं. तुमच्या प्रश्नांत हाच मोठा आहे, आणि त्यावर लोक सगळ्यात कमी हिशेब करतात.

पाकिटावर कार्बोहायड्रेट छापलेलं नसतं. ते असं काढायचं: १०० मधून प्रोटीन, फॅट, ओलावा, राख (म्हणजे खनिजं) आणि फायबर वजा. राख छापली नसेल तर कोरड्याला ७ आणि ओल्याला २ धरा. समजा कोरड्या खाण्यावर प्रोटीन ३२, फॅट १२, ओलावा १०, राख ७, फायबर ३ आहे. उरले ३६. आता उष्मांकांत बघा: प्रोटीन आणि कार्ब गुणिले ३.५, फॅट गुणिले ८.५. एकूण ३४०, त्यांतले १२६ कार्बचे, म्हणजे ३७ टक्के. पाउचवर प्रोटीन १०, फॅट ५, ओलावा ८०, राख २, फायबर १ असेल तर उरतात २, आणि ८४.५ पैकी ७ उष्मांक कार्बचे, साधारण ८ टक्के. मधुमेही मांजराला १०-१२ टक्क्यांच्या आत ठेवायचं. दाट ग्रेव्हीच्या पाउचमध्ये पीठ असतं, ते गणितात लगेच पकडलं जातं. "ग्रेन फ्री" लिहिलेल्या कोरड्यात बटाटा आणि वाटाणा असतो, त्या शब्दावर जाऊ नका.

दूध-पोळी. दिवसाला २४० उष्मांक खाणाऱ्या बोक्याला १० टक्के म्हणजे २४ उष्मांक कार्बचे, सुमारे ७ ग्रॅम. अर्ध्या पोळीत तेवढे असतात. वर अर्धी वाटी दूध म्हणजे आणखी साडेतीन ग्रॅम. सासूबाईंना हे आकडे सांगा, "डॉक्टर नाही म्हणाले" एवढ्यावर कुणी ऐकत नाही. त्यांना द्यायचंच असेल तर बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा मीठ न लावलेली सुकट, चिमूटभर. रश्श्यातला तुकडा धुऊनही नको, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. आणि नुसत्या चिकनवर बोका पोसता येत नाही, कॅल्शियम आणि टॉरिनचं (मांजराला खाण्यातून लागणारं अमिनो आम्ल) गणित चुकतं. ते खाऊपुरतंच.

किती: बंड्याचं योग्य वजन ५.३ किलोच्या आसपास धरलं तर दिवसाला २४० उष्मांक. ८५ ग्रॅमचं पाउच साधारण ६० ते ८० उष्मांकांचं येतं, म्हणजे तीन ते चार पाउच, चार वेळांत वाटून. पण वजन उतरवण्याचा कार्यक्रम आत्ता नको. सध्या साखर लघवीतून वाहून जातेय, तो खातोय आणि तरी झिजतोय. आधी साखर ताब्यात येऊ द्या, तोवर भूक लागेल तसं द्या. नंतर आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, त्याहून वेगाने नाही. पाउच तोंडात घेत नाही म्हणून उपाशीही ठेवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचते, ते मधुमेहापेक्षा लवकर मारतं. पाउचवर कोरड्याचा चुरा भुरभुरायचा आणि आठवडाभरात कमी करत न्यायचा.

पाणी कधीच कमी करायचं नाही. मोजून मात्र ठेवा: सकाळी मापाने भरायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं. ६.४ किलोच्या बोक्याने दिवसाला ६४० मिलीच्या वर पिणं हे हमखास जास्त. हा आकडा खाली येऊ लागला की साखर उतरतेय हे मीटरच्या आधी कळतं. (पाउच सुरू झालं की तसंही पाणी कमी पितात, हे धरून चला.)

सातारी कंदील

गच्चीवरचे, एक भर घालतो, नाहीतर ताई उद्या दोन्ही सुरू करतील. कोरडं बंद झालं की इन्सुलीनची गरज दोन-चार दिवसांत उतरू शकते, डोस तोच राहतो. साखर आपटण्याची ही नेहमीची वाट. मी तर म्हणेन, आठवडाभर फक्त इंजेक्शन आणि मोजणं बसू द्या, खाणं त्यानंतर बदला.

गच्चीवरचा बोका

मी उलट बाजूचा. मांजराचा मधुमेह कुत्र्यासारखा कायमचा असतोच असं नाही. सुरुवातीलाच साखर नीट उतरवली तर काही मांजरांचं इन्सुलीन सुटतं, आणि त्यात कमी कार्बच्या खाण्याचा वाटा मोठा. आठवडा वाया का घालवायचा? पण तुमचा मुद्दा मान्य: खाणं बदलायचं तर रोज दोन्ही वेळा मोजणं हवंच. ज्या घरात मोजणं जमत नाही त्यांनी तुमच्या क्रमाने जावं.

डावा पंजा

साखर आपटली तर काय, हे अजून कुणी लिहिलं नाही.

खुणा: अचानक हावरटासारखं खाणं, लडखडणं, भिंतीला धरून चालणं, एकटक बघणं, डोकं थरथरणं, मग झटके. काही मांजरं नुसती कोपऱ्यात जाऊन बसतात.

माणसांच्या मीटरवर ६० च्या खाली आकडा म्हणजे लगेच हालचाल, खुणा असोत-नसोत. शुद्धीत असेल आणि खात असेल तर ताबडतोब जेवण. या एका वेळी जुनं कोरडं खाणं कामाचं, म्हणून एक डबा ठेवा. लडखडत असेल तर साधी ग्लुकोज पावडर एक चमचा, साधारण ५ ग्रॅम, दोन चमचे पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आत थेंब थेंब. मध चालतो. पावडर शोधायला वेळ जातो, म्हणून पुडी बांधून इन्सुलीनशेजारीच ठेवा. झटके चालू असतील तर तोंडात ओतायचं नाही, ठसका लागून फुफ्फुसात जातं; दातांत बोटही घालायचं नाही. ओठ बाजूला करून हिरड्यांना बोटभर मध चोळा आणि गाडीत बसा.

शुद्धीवर आला म्हणजे संपलं नाही. साखर अर्ध्या तासात वापरली जाते आणि ग्लार्जिन तासन् तास काम करत असतं. खाऊ घाला, पंधरा-वीस मिनिटांनी मोजत राहा, १०० च्या वर टिकेपर्यंत. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही.

उलट बाजूचा धोका कीटोन. लघवीची साखर-कीटोनची पट्टी केमिस्टकडे मिळते. लिटरवर बसला की मागून लांब दांड्याची पळी सरकवायची, चमचाभर पुरतो. ठरल्या सेकंदांनंतरच रंग बघा, उशिरा बघितला तर चुकीचा गडद दिसतो. कीटोनचा रंग आला, किंवा खाणं बंद + उलट्या + मलूल असं काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी.

आणि पाय. ते नसांचं आहे, संधिवाताचं नाही. दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. माणसांची पॅरासिटामॉल तर मांजराला मारते. साखर ताब्यात राहिली की बहुतेकांत पाय हळूहळू उचलले जातात, महिने लागतात. तोवर गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा योगा मॅट टाका आणि लिटरचा ट्रे बुटक्या काठाचा घ्या.

बंड्याचीताई

सगळ्यांचे आभार. केमिस्टने सिरिंज बदलून दिल्या, ०.५ मिलीच्या, १०० वाल्या. आज अकरावा दिवस. कल्चरमध्ये जंतू निघाले, सात दिवस अँटिबायोटिक होतं, कालच संपलं. पाचव्या दिवसापासून पूर्ण पाउचवर आहे.

सातव्या दिवशी संध्याकाळी इंजेक्शनआधी १६८ आला. अर्ध्या तासाने १७४. डॉक्टर म्हणाले आज सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी ३७२! हाच तो "रिबाउंड" का? डोस जास्त होतोय?

आजचा दिवसभराचा तक्ता, माणसांच्या मीटरवर, १ युनिट सकाळी ८ ला:
८ वा. ३४०, १० वा. ३१२, १२ वा. २४४, २ वा. १९६, ४ वा. १८८, ६ वा. २३५, रात्री ८ वा. ३१८.

पाणी ६०० वरून ३४० मिलीवर आलंय. १.५ करायचं का?

सातारी कंदील

तक्ता झकास काढलाय, दोन-दोन तासांनी कान धरायचा म्हणजे दोघांचीही परीक्षा.

३७२ रिबाउंड नव्हे. संध्याकाळचा डोस दिलाच नाही, म्हणजे सकाळपर्यंत मागच्या इंजेक्शनला २४ तास झाले होते. औषध संपलं, साखर चढली, एवढंच. रिबाउंड म्हणतात तो साखर फार खाली जाऊन उसळते तेव्हा, आणि तुमच्या कुठल्याच नोंदीत फार खाली गेलेली दिसत नाही. न दिलेल्या डोसनंतरचा आकडा बघून डोस ठरवायचा नाही, ना वर ना खाली.

तक्ता वाचताना आधी तळ बघायचा. तळ १८८, आठव्या तासाला. ८० ते १५० च्या मधे तळ हवा असतो. म्हणजे डोस अजून थोडा कमी पडतोय, धोक्याच्या जवळपासही नाही. मग आकार: हळू उतरून हळू चढतोय आणि बारा तास जवळजवळ पुरतोय, म्हणजे हे इन्सुलीन त्याला लागू पडतंय. तळ तिसऱ्या तासाला येऊन सहाव्याला साखर परत ३५० असती तर डोस वाढवून उपयोग नव्हता, इन्सुलीनची जात बदलावी लागली असती.

पण आज वाढवू नका. ग्लार्जिनचा साठा कातड्याखाली बसायला काही दिवस लागतात आणि चारच दिवसांपूर्वी एक डोस सुटलाय. खाणं पाचव्या दिवशी बदललं. लघवीचा संसर्ग साखर चढवतो, तो आत्ता संपला. तीन गोष्टी एकाच आठवड्यात हलल्या आहेत. एकही डोस न चुकवता आणखी तीन-चार दिवस जाऊ द्या, तुमची दोन आठवड्यांची भेट तेव्हाच येतेय. वही घेऊन जा. तळ तेव्हाही १८०-१९० असेल तर डॉक्टर बहुधा अर्ध्या युनिटने वाढवतील आणि मग परत पाच ते सात दिवस हात लावायचा नाही. पाणी जवळजवळ निम्म्यावर आलंय, घाई करण्यासारखं काही नाही.

गच्चीवरचा बोका

सहमत. कान टोचून कंटाळलात तर डॉक्टरांना लिब्रे सेन्सरबद्दल (कातडीला चिकटवून साखर सतत मोजणारा) विचारा. केस काढून पाठीवर किंवा मानेच्या बाजूला लावतात, माणसांत १४ दिवस टिकतो, मांजरात बरेचदा आठवड्यात निघून येतो. त्या बाजूवर झोपला की खोटा कमी आकडा दाखवतो, म्हणून "लो" आला की कानातून खात्री करूनच मध बाहेर काढा.

बंड्याचीताई

समजलं, थांबते. पण १.५ सांगितलंच तर माझ्या सिरिंजवर अर्धी रेघ नाही. एक आणि दोनच्या मधे अंदाजाने?

कुपी-काउंटर

अंदाजाने नको. ०.३ मिलीच्या अर्ध्या रेघेच्या सिरिंज आत्ताच मागवा, चार दिवसांत येतील. आल्या की एक सिरिंज सरावासाठी काढा. कुंकू कालवलेलं पाणी घ्या, खिडकीच्या उजेडात १.५ वर दहा वेळा भरा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी, तुम्ही किती भरलंय ते न सांगता, वाचायला द्या. दोघांचं वाचन दहाही वेळा जुळलं की मग इन्सुलीन. जो कुणी सुटीच्या दिवशी तुमच्याऐवजी टोचणार आहे त्यालाच वाचायला बसवा. वापरलेल्या सिरिंज कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून, बूच घट्ट लावून, भेटीला जाल तेव्हा दवाखान्यात द्या. आणि त्या लाल टोपीच्यांपैकी एखादी ड्रॉवरमध्ये राहिली नाही ना, तेही आजच बघा.